कंसातले नाव : डहाणू-तलासरीचा सातबारा आणि जुन्या आवृत्त्यांचे जतन

पाठचिकित्सा शिकवताना एक नियम पहिल्याच तासाला सांगावा लागतो : शुद्ध प्रत हाती आली म्हणून जुनी प्रत टाकून द्यायची नसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे तीच परंपरेने प्रमाण मानली. तरीही १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, तेव्हा ज्ञानेश्वरीच्या भाषेविषयीचा सारा विचार नव्याने करावा लागला. राजवाड्यांच्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत मतभेद झाले, पण तो वाद घालता आला याचे कारण एवढेच, की शुद्धीकरणाच्या हातून सुटलेले काहीतरी कुठेतरी शिल्लक होते.

हाच नियम संगणकाच्या क्षेत्रात वेगळ्या शब्दांत मांडला जातो. ज्या यंत्रावर लोकांचे रोजचे काम प्रत्यक्ष चालू असते त्याला त्या व्यवसायात प्रॉडक्शन सर्व्हर म्हणतात. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विद्यापीठाचा निकाल, जमिनीचा उतारा हे सारे अशा सर्व्हरांवरून आपल्यापर्यंत येते. त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सतत निघत असतात. तेव्हा प्रश्न असा, की नवी आवृत्ती आल्यावर जुनीचे काय करायचे? पुसून टाकायची, की मागितली तर मिळेल अशी ठेवायची? प्रश्न तंत्राचा वाटतो, परंतु त्याचा इतिहास पाहिला तर तो दप्तराचा, पुराव्याचा आणि शेवटी माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. ते दाखवण्यासाठी आम्ही पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आणि तेथील सातबारा निवडला आहे.

एका कागदाची आवृत्तीव्यवस्था

सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर इतर कोणते हक्क आहेत हे असते, दुसऱ्यात पिकांची नोंद. साहित्याच्या अभ्यासकांनी हा कागद एकदा बारकाईने वाचावा. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर खातेदार बदलला की आधीचे नाव खोडत नसत. त्याला कंस करीत, खाली नवे नाव लिहीत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालीत. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की बदल कशामुळे झाला ते सापडे : वारसा, खरेदी, वाटणी, न्यायालयाचा हुकूम. तलाठ्याने नोंद करायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला मुदत ठेवायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची, अशी ही रीत. बदल काय, कोणी केला, का केला, कोणी तपासला, आणि बदलापूर्वी काय होते या पाचही प्रश्नांची उत्तरे या व्यवस्थेत होती.

तिच्यात एक कच्चा दुवाही होता. नमुना बारातील पिकांचे रकाने भरत आले की साधारण दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई. नव्या वहीत फक्त चालू नावे उतरवली जात. कंसातली नावे मागे, जुन्या वहीत राहात. पुनर्लेखनात हात चुकला, एखादी ओळ गळली, तर ती चूक नव्या वहीत अधिकृत होऊन बसे. दुरुस्तीचा मार्ग एकच : तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून मागची वही काढणे. सातबाऱ्याआधीचे कडई पत्रकही याच कारणासाठी आजपर्यंत मागितले जाते. नवी वही कामासाठी आणि जुनी वही सत्यासाठी, अशी ही विभागणी होती.

डहाणू-तलासरीत मागची वही का लागते

हे सर्वत्र खरे आहे, पण डहाणू-तलासरीत त्याला अधिक धार आहे. हा वारली व अन्य आदिवासींचा मुलूख. सावकार आणि जमीनदार यांच्याकडे जमिनी गेल्या आणि कसणारे त्याच जमिनीवर कूळ, वेठबिगार किंवा लग्नगडी होऊन राहिले. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक आमच्या वाचकांना परिचित आहे, तेव्हा तो इतिहास येथे पुन्हा सांगत नाही. आमच्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे कायद्यांचे पर्व.

१९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकीचा दावा दिला. पण कूळ कोण, हे ठरणार कशावरून? जुन्या नमुना बारात जमीन करणाऱ्याचे नाव आणि कसण्याची रीत यांचे रकाने होते. तिथे नाव असेल तर माणूस कूळ, नसेल तर गडी. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा अधिनियम आला. त्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींचा विचार केला. म्हणजे दावेदाराला आजचा सातबारा पुरेना; त्याला त्या सतरा वर्षांतला सातबारा, कंसासहित, हवा. वनहक्क कायदा २००६ चा, पण त्याची कसोटी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा ही आहे, आणि पुराव्यांत जुन्या नोंदी, नकाशे, सर्वेक्षणे यांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांच्या जबानीलाही स्थान आहे. तिन्ही कायद्यांत न्याय मागच्या तारखेवर टांगलेला आहे. त्या तारखेची आवृत्ती उपलब्ध नसेल तर कायदा असूनही हाती काही येत नाही.

त्यात प्रदेशाचे नावही स्थिर राहिले नाही. झरी १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यात होते. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेले आणि महाराष्ट्रात उरलेल्या गावांतून तलासरीचा कारभार उभा राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. तेव्हा एकाच शेताचे कागद एका काळी उंबरगाव तालुका, मग तलासरी तालुका ठाणे जिल्हा, मग तलासरी तालुका पालघर जिल्हा अशा तीन शीर्षकांखाली सापडतात. नव्या यादीत जुने नाव नसते. म्हणून जुनी यादीही जपावी लागते. ग्रंथपालांना हे सांगण्याची गरज नाही.

वही संगणकात गेली तेव्हा

सातबाऱ्याचे संगणकीकरण महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने झाले आणि आज ई-फेरफार प्रणालीतून नोंदी होतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला. तहसिलीपर्यंत एस.टी.ने जाण्यात दिवस मोडणाऱ्या माणसासाठी ही सोय मोठी आहे, आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण वहीकडून संगणकाकडे जाणे हे सर्वांत मोठे पुनर्लेखन होते, आणि पुनर्लेखनाच्या सगळ्या खोडी त्याच्यासोबत आल्या. संगणकातील मजकूर हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करण्यासाठी एडिट आणि री-एडिट या नावांची स्वतंत्र सोय करावी लागली. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले : संगणकीकृत नोंदी मोठ्याने वाचायच्या आणि खातेदारांनी ऐकून चूक सांगायची. मुद्रितशोधनाची ही मौखिक पद्धत आहे. जेथे वाचता न येणारे वृद्ध खातेदार आहेत, तेथे तीच सर्वांत विश्वासार्ह म्हणावी लागेल. तरीही राहिलेल्या लेखनप्रमादांसाठी महसूल संहितेचे कलम १५५ आहेच.

या ताडणीत प्रमाण कोणते मानले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नव्या प्रणालीची परीक्षा जुन्या वहीने घेतली. जुनी वही रद्दीत गेली असती तर नव्या प्रणालीतील चूक ही चूक आहे हेच कळले नसते.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या सांकेतिकींत भरला जाई. १९९१ चे इस्की हे मानक होते, सी-डॅकचे जिस्ट तंत्र होते, आणि छपाईच्या जगात श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणाली होत्या. त्यांतील अनेकांत अक्षर साठवले जात नसे, अक्षराचा आकार साठवला जाई. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर फाइल उघडते, पण दिसते ती रोमन अक्षरांची रांगोळी. युनिकोडात रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’मधला अर्धा र हे हमखास घोटाळा करतात, कारण आकारांचा क्रम आणि उच्चारांचा क्रम एक नसतो. समजा, नोंदीत ‘गोऱ्या’ असे नाव आहे आणि रूपांतरानंतर ते ‘गोया’ झाले. एखाद्या कादंबरीत हा मुद्रणदोष ठरेल; सातबाऱ्यावर तो वेगळा माणूस ठरतो. रूपांतर बरोबर झाले की नाही हे पाहण्याचा उपाय एकच : मूळ फाइल मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडणे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्याआधी ते दोन चिन्हे जोडून लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखी, शोधयंत्राला वेगळी. गेल्या तीस वर्षांतील मराठी नियतकालिकांच्या, प्रबंधांच्या, अनियतकालिकांच्या किती फाइली अशाच कुलूपबंद पडल्या असतील, याचा विचार आमच्या क्षेत्रातील लोकांनीही करायला हवा.

सॉफ्टवेअरची स्वतःची फेरफार नोंदवही

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही गरज लवकर कळली. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली केली, १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी आरसीएस, आणि २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी गिट. तिन्हींचे मर्म फेरफार नोंदवहीचेच आहे : प्रत्येक बदलाला ओळख, कर्त्याचे नाव, तारीख, कारण, आणि मागे जाण्याची वाट.

परंतु लिहिणाऱ्याकडे इतिहास असणे वेगळे आणि चालवणाऱ्याला जुनी तयार आवृत्ती मिळणे वेगळे. चालू सर्व्हर एका कार्यक्रमावर उभा नसतो. शेकडो लहानमोठ्या पॅकेजांच्या ठरावीक आवृत्त्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब उभारायचे, नवी आवृत्ती बिघडली म्हणून परतायचे, किंवा चूक कोणत्या बदलात शिरली ते शोधायचे, तर त्या नेमक्या आवृत्त्या भांडारात हव्यात. २२ मार्च २०१६ रोजी लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएम या भांडारातून काढून घेतले, आणि जगभर असंख्य प्रकल्पांची उभारणी त्या दिवशी अडली. भांडाराला ते स्वतःहून परत ठेवावे लागले आणि प्रकाशित पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक करावे लागले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. सेंटॉस ७ ही अनेक सर्व्हरांवर चालणारी लिनक्स प्रणाली. तिचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यानंतर जुन्या पत्त्यावर पॅकेज मागणाऱ्या यंत्रांना पत्ताच सापडेना. पॅकेजे नष्ट झाली नव्हती, ती व्हॉल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांच्या कोठारात हलवली होती. ज्यांनी आपला सर्व्हर त्या पत्त्याकडे वळवला त्यांचे काम चालू राहिले आणि नव्या प्रणालीकडे जायला उसंत मिळाली. डेबियन या प्रकल्पाची स्नॅपशॉट नावाची सेवा याहून पुढची आहे : २००५ पासूनची पॅकेजे ती तारखेनिशी राखते. अमुक दिवशी भांडार कसे होते, असा प्रश्न तिला विचारता येतो. १९७४ च्या कायद्याखाली दावा करणारा शेतकरी अभिलेख कक्षाला हाच प्रश्न विचारतो. २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने सॉफ्टवेअर हेरिटेज हा उपक्रम जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने त्याच्याशी करार केला. आज्ञावली हाही मानवी वारसा आहे, ही कल्पना तेथे संस्थेच्या रूपाने मान्य झाली.

आक्षेप

जुन्या आवृत्त्या ठेवू नयेत, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडकीस आलेल्या फटी असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरची यंत्रे बंद पाडली, तेव्हा दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती न बसवलेली यंत्रे सापडली. जुने सहज मिळत राहिले तर लोक त्यालाच चिकटून बसतील, ही भीतीही खरी आहे.

याच्या उलट बाजूही आहे. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. तो १.०.१ या तेव्हाच्या नव्या मालिकेत होता, ०.९.८ आणि १.०.० या जुन्या मालिकांना त्याची बाधा नव्हती. नवे म्हणजे निर्दोष, असा नियम नाही.

खरे तर या वादात वापर आणि उपलब्धता या दोन गोष्टींची सरमिसळ होते. अभिलेख कक्षातील १९५० ची वही पाहून आज कोणी सारा भरत नाही. ती चालू वहीच्या जागी ठेवावी असेही कोणी म्हणत नाही. ती कुलपात, क्रमांकासह, नक्कल मिळेल अशा रीतीने असावी, एवढीच मागणी आहे. सॉफ्टवेअरचेही तसेच व्हावे. चालू सर्व्हरवर दुरुस्त आवृत्ती असावी. जुनी कोठारात, धोक्याच्या सूचनेसह, तारखेनिशी असावी.

न्यायालयाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे होत जाणार. संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून द्यायचा तर तो कसा तयार झाला याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ही तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. उद्या कोणी विचारले, की पंधरा वर्षांपूर्वीच्या उताऱ्यावर हे नाव का छापले गेले नाही, नोंदच नव्हती की त्या वेळच्या सॉफ्टवेअरने ती गाळली, तर उत्तर देण्यासाठी त्या वेळचा विदा आणि त्या वेळचे सॉफ्टवेअर दोन्ही हवेत. विदा एकट्याने साक्ष देऊ शकत नाही.

आमच्या परंपरेतील एक रीत

महानुभाव परंपरेला मजकूर हरवण्याचे दुःख ठाऊक होते. लीळाचरित्राची मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. स्मरणे वेगवेगळी होती. तेव्हा एकच पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवण्याऐवजी या पंथाने पाठभेदांनाही पोथीत जागा दिली. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा असा, रामेश्वरबासांचा असा, प्रत्येकाला त्याच्या राखणाऱ्याचे नाव. अशा पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ हा सुंदर शब्द दिला. आठवण करणाऱ्याच्या मनात जे राहून गेले ते.

डहाणू-तलासरीच्या दप्तरातही अशा वासना आहेत : कंसातली नावे, रीतीच्या रकान्यातली अक्षरे, उंबरगाव तालुक्याच्या शिक्क्याचे कागद. कागदाच्या वह्या वाळवी, ओल आणि बेफिकिरी यांतून निदान काही तरी वाचवतात. पन्नास वर्षांनी फडताळ उघडले तर काही पाने हाती लागतात. संगणकाचे तसे नाही. जुनी आवृत्ती कोणीतरी ठरवून राखली तरच राहते, आणि अपघाताने वाचण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून सार्वजनिक कामाचे सॉफ्टवेअर बदलताना मागची आवृत्ती, तिचा फॉन्ट, तिची सांकेतिकी आणि बदलाची नोंद ही चारही जपण्याची जबाबदारी कागदोपत्री कोणावर तरी असावी, जशी अभिलेख कक्षाची असते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपल्या प्रबंधांच्या आणि नियतकालिकांच्या फाइलींपासून सुरुवात केली तर पाठचिकित्सा ही केवळ मध्ययुगाची विद्या उरणार नाही. विद्यार्थ्यांना देण्यासारखा हा प्रकल्प आहे, आणि जुन्या फॉन्टातल्या फाइली उघडू शकणारी यंत्रे काही महाविद्यालयांत अजून चालू आहेत, तोवरच तो हाती घेता येईल.